शेवटच्या बाकाला दिसणारं फुफ्फुस

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर मी आडवा झालो, आणि मला बरं वाटलं. लिफ्ट बंद होती. लिफ्टच्या दारावर कुणीतरी खडूनं 'बंद आहे' असं लिहिलं होतं आणि त्याखाली दुसऱ्या कुणीतरी 'दिसतंय' असं लिहिलं होतं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेत जिना चढायला लागलो. पहिला मजला ठीक गेला. दुसऱ्यावर कठड्याला धरून असा उभा राहिलो की पाहणाऱ्याला वाटावं, माणूस विचार करतोय. तिसऱ्याच्या पुढे हवा संपली. म्हणजे हवा होती. जिन्यात भरपूर होती, माझ्या नाकातून छातीत जात होती आणि बाहेरही येत होती, पण दुकानात शिरून, सगळं हाताळून, काहीच न घेता परत येणाऱ्या गिऱ्हाइकासारखी. पायरीवर बसलो. बसल्यावर माणसाला बरं वाटतं, असा आपला सर्वसाधारण अनुभव. मला वाटेना. ओठांना मुंग्या आल्या, पायऱ्या कडेकडेनं काळ्या पडायला लागल्या. तेव्हा लाज सोडून थंडगार फरशीला पाठ टेकली, पिशवी उशाला घेतली, आणि दहा-बारा श्वासांत सगळं परत आलं. आधी छताचे पोपडे, मग खिडकीचे गज, मग मी स्वतः. वरच्या मजल्यावरचा शिंपी खाली उतरत होता. त्यानं माप घ्यायच्या नजरेनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, पडलोय, असं मी म्हणालो. "पडा," असं म्हणून तो मला ओलांडून गेला. त्याच वेळी वरच्या कठड्यावरून माझी बायको वाकली. तिनं मला पाहिलं, पिशवी पाहिली, पिशवीवरचं माझं डोकं पाहिलं.

"आता जिन्यातसुद्धा?" ती म्हणाली.

या दोन शब्दांमागे एकतीस वर्षांचा संसार आहे, तो थोडा उलगडून सांगायला हवा. बायकोनं सव्वीस वर्षं बेकरीच्या काउंटरमागे उभं राहून काढली. सकाळी सहाला ती उभी राहायची ती दुपारी दोनपर्यंत, आणि घरी येऊन पुन्हा उभीच. तिला मी दिवसा आडवं झालेलं कधी पाहिलेलं नाही. दिवसा आडवा होतो तो आजारी तरी किंवा आळशी तरी, असा तिचा सिद्धांत, आणि मला ताप नसायचा. मी तरुणपणीही जेवण झालं की कॉटवर पडायचो. तेव्हा मला काही झालेलं नव्हतं, मी नुसताच पडायचो. हे कबूल करून टाकतो, कारण पुढच्या हकिगतीत मी फार निर्दोष ठरणार आहे आणि ते माझ्या तब्येतीला झेपायचं नाही. एखाद्या माणसानं आयुष्यभर 'लांडगा आला' म्हणून ओरडावं तसा मी आयुष्यभर पडत आलो होतो. मग लांडगा खरोखर आला, तेव्हा तिनं वर मान करून पाहिलंसुद्धा नाही, यात तिचं काय चुकलं? गेले सहा महिने मी उभा राहिलो की धापायचो आणि पडलो की टवटवीत व्हायचो. जगात दुसरं कुठलं दुखणं असं आहे, जे भाजी आणायला सांगितलं की सुरू होतं आणि गादी दिसली की थांबतं? मी स्वतःदेखील स्वतःवर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं. कॉटवर पडल्या पडल्या छातीतून जाणारी-येणारी हवा ऐकायचो आणि मनात म्हणायचो, लबाडा, ऊठ. उठायचो. पुन्हा ती मुंगी ओठावर यायची.

दुखणं नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी पाय सुजले, पोट डफासारखं झालं, आणि तपासणीत निघालं की माझं यकृत कडक झालेलं आहे. सिरॉसिस. हा शब्द ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर एक विशेष प्रकारची सहानुभूती येते. ती चेहऱ्यावर असते आणि नाकानं वास घेत असते. मी दारू पीत नाही. बोटं रंगांनी भरलेली असताना ब्रश धुवायचा पेला चहाचा समजून दोन-तीनदा तोंडाला लावलाय, त्यापलीकडे माझा इतिहास स्वच्छ आहे. पण हे सांगितलं की लोक हिरमुसायचे. चरबीनं झालंय, हळूहळू, वीस वर्षं आतल्या आत, असं डॉक्टर म्हणाली. बहुतेकांना ते कळतच नाही. यकृत शेकडो कामं करतं, रक्तातली घाण काढतं, साखर साठवतं, गरज लागली की काढून देतं, आणि बोलत नाही. बरंचसं निकामी झालं तरी उरलेलं तेवढंच काम ओढत राहतं आणि तक्रार करत नाही. घरातल्या कुठल्या माणसाशी साम्य आहे ते मी इथं लिहीत नाही. मला गंमत वाटली ती वेगळीच. मी तीस वर्षं यकृत रंगवलं होतं. मी शाळांसाठी तक्ते काढायचो: मानवी शरीर, पचनसंस्था, श्वसनसंस्था, फुलाचे भाग, बेडकाचं जीवनचक्र. हातानं मूळ चित्र काढायचं, मग छापखाना त्याच्या हजारो प्रती काढायचा, खाली-वर लाकडी पट्ट्या ठोकायचा, आणि त्या प्रती गावोगावच्या वर्गांत खिळ्यांवर जाऊन लटकायच्या. त्या तक्त्यावर यकृत म्हणजे फुफ्फुसाच्या खाली एक तपकिरी पाचर, उरलेला तपकिरी रंग संपवायची जागा. मध्ये श्वासपटलाची एक रेघ. खालच्या माणसाचं काही बिघडलं म्हणून वरच्या मजल्यावरच्या माणसाला धाप लागेल, हे तीस वर्षांत कधी मनात आलं नाही. मी भिंतीसारखी रेघ मारून मोकळा झालो होतो.

जिन्यातल्या त्या दिवसानंतर बायकोच मला दवाखान्यात घेऊन गेली. काळजीनं नाही, निकाल लावून टाकायला. डॉक्टर तरुण होती, मला काका म्हणायची. तिनं मला टेबलावर आडवं केलं, बोटाला तो लाल उजेडाचा चिमटा लावला आणि रक्तातल्या प्राणवायूचा आकडा लिहून घेतला. चौऱ्याण्णव. मग उभं केलं. आम्ही तिघं त्या इवल्याशा चौकटीकडे पाहत राहिलो. त्र्याण्णव, एक्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, पंच्याऐंशी. पुन्हा आडवं केलं; आकडा पायऱ्या चढल्यासारखा वर गेला. पुन्हा उभं केलं. असं तिनं तीनदा केलं, आणि तिन्ही वेळा आकडा माझ्या बाजूनं बोलला. एकतीस वर्षांच्या खटल्यात पहिल्यांदाच माझ्याकडून कागदोपत्री पुरावा सादर होत होता आणि मला त्याचा आनंद झाला नाही, कारण बायको चौकटीकडे पाहत नव्हती. माझ्या ओठांकडे पाहत होती. ते निळे दिसत असणार.

"काकू, हे खरंच झोपले की बरे असतात," डॉक्टर म्हणाली.

 बायकोनं माझी पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली. ती पिशवी पुढे तिनं मला पुन्हा कधी धरू दिली नाही.

मग डॉक्टरनं कागद घेतला आणि पेननं एक चित्र काढलं. मी टेबलावर आडवा होतो, मान वळवून पाहत होतो. एक गोल, हा हवेचा कोश. फुफ्फुसात असे तीसएक कोटी असतात. त्याला वेढणारी रक्ताची वाट तिनं काढायला घेतली. दोन रेघा, एकमेकींपासून चांगल्या लांब, मध्ये चार-पाच रक्तपेशी शेजारी शेजारी, मोकळ्या रस्त्यावर गप्पा मारत चाललेल्या मित्रांसारख्या.  "हे चुकलंय," मी म्हणालो. "वाट केसाहून बारीक हवी. पेशी एकामागून एक गेल्या पाहिजेत, अंग चोरून." डॉक्टर माझ्याकडे पाहून हसली. तिला बरं वाटलं असावं. "बरोबर आहे काका, सगळ्यांची तशीच असते. तुमची अशी झालीय." आणि तिनं पेनाचं टोक त्या दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेवर ठेवलं.

मला ते चित्र ओळखीचं होतं. मीच काढलेलं होतं. तक्त्यांच्या कारखान्याचे मालक म्हणून एक गृहस्थ होते. त्यांना विज्ञानातलं काही कळत नसे आणि ते त्याचा अभिमान बाळगत. चित्र तयार झालं की ते मला ते भिंतीला लावायला सांगायचे आणि स्वतः छापखान्याच्या लांबच्या टोकाला, कागदांच्या गठ्ठ्यांपलीकडे जाऊन उभे राहायचे. तिथून म्हणायचे, "चित्रकार, शेवटच्या बाकाला दिसत नाही." शेवटचा बाक हेच त्यांचं शास्त्र होतं. फुफ्फुसाच्या तक्त्यात कोपऱ्यात एक गोल होता, त्यात एकाच हवेच्या कोशाचं मोठं केलेलं चित्र. मी पहिल्यांदा वाट बारीक काढली, खरी होती तशी, अर्ध्या केसाच्या ब्रशनं, श्वास रोखून. दिसत नाही. मी थोडी रुंद केली. दिसत नाही. आणखी रुंद केली. चौथ्या खेपेला मालक गठ्ठ्यांपलीकडून म्हणाले, आत्ता दिसलं. त्या वाटेतून तोपर्यंत बैलगाडी गेली असती. मजकूर तपासायला एक निवृत्त विज्ञानशिक्षक यायचे, सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते चित्र नाकाशी धरलं आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं: 'वाट फार रुंद. मधल्या पेशींना हवा मिळणार नाही. असं असेल तर माणूस जगणार नाही.' मालकांनी ते वाचलं, खिशातून खोडरबर काढलं, पेन्सिल खोडली, समासावर फुंकर मारली आणि म्हणाले, "सर, हा माणूस परीक्षेपुरताच जगायचाय." सगळे हसले. मीही हसलो. तो तक्ता सव्वीस वर्षं छापला गेला. किती वर्गांत किती मुलांनी त्या गोलाकडे पाहत दुपारच्या तासाला जांभया दिल्या असतील. आणि जांभई देताना त्यांच्या छातीतल्या खऱ्या वाटांतून खऱ्या पेशी अंग चोरून, एकेक करून, पाऊण सेकंदात हवा उचलून पुढे सरकत असतील, माझ्या चित्राला न जुमानता.

मी अंधश्रद्धाळू नाही. चित्र काढल्यानं कुणाचं काही होत नाही, नाहीतर बेडकाच्या तक्त्यानंतर मी डबक्यात राहायला गेलो असतो. बिघडलेल्या यकृतामुळे रक्तात काहीतरी उरतं आणि त्यानं फुफ्फुसातल्या वाटा सैलावतात, असं डॉक्टरनं समजावून सांगितलं. उभं राहिलं की रक्त फुफ्फुसाच्या तळाशी उतरतं, आणि सैल वाटा तिथंच जास्त. आडवं झालं की ते सगळीकडे पसरतं, म्हणून बरं वाटतं. फुफ्फुसं माझी धडधाकट आहेत. हवा पोचतेय. रक्तही पोचतंय. फक्त भेट होत नाही. हे सगळं मला समजलं, आणि तरीही घरी येऊन पडल्यावर छातीत डोकावल्यासारखं वाटायचं आणि आत माझाच तक्ता दिसायचा, लाकडी पट्ट्यांसकट. त्याच दिवसांत मी सरांनी कधीतरी सांगितलेलं एक गणित आठवून केलं. तीस कोटी कोश फाडून सपाट पसरले तर सुमारे साडेसातशे चौरस फूट होतात. आमचं घर चारशे ऐंशीचं. म्हणजे मी आयुष्यभर स्वतःच्या घरापेक्षा मोठी जागा छातीत घेऊन हिंडलो आणि घरी कॉटखाली ट्रंका सरकवत राहिलो. आणि ही एवढी मोठी जागा स्वतः काहीच करत नाही. फुफ्फुसाला स्वतःचा असा स्नायू नाही. खालचं श्वासपटल त्याला ओढतं तेव्हा ते फुगतं, सोडतं तेव्हा बसतं. कुणीतरी सतत ओढत असतं म्हणून त्याचं चाललेलं असतं. हे बायकोला मी हसत हसत सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे, मी ते एकतीस वर्षं करतेय.

उपाय एकच होता. यकृत बदलायचं. नवं बसलं की रक्त सुधारतं आणि काही महिन्यांत फुफ्फुसातल्या वाटा आपोआप पुन्हा बारीक होतात. नाही केलं तर? मी विचारलं. डॉक्टरनं पेन बंद केलं, उघडलं आणि म्हणाली, वर्ष, दीड वर्ष. तेवढ्यात बायको बोलली. पावाची लादी पुढे सरकवावी तशा आवाजात.

"माझं घ्या. सगळं नाही ना लागत?"

सगळं लागत नाही. अर्ध्याच्या आसपास कापून घेतात, आणि दोघांच्याही पोटात ते दोन-तीन महिन्यांत जवळजवळ पूर्ण वाढतं. हे ऐकल्यावर मी तोंड उघडं ठेवून पडून राहिलो. तीस वर्षं ज्याला मी उरलेला रंग फासला, ते कापलं तर पुन्हा उगवतं, आपल्या जागेइतकं भरतं, आणि भरलं की थांबतं. कुठं थांबायचं ते त्याला कोण सांगतं? मला अजूनही त्या गोष्टीवर धड विश्वास ठेवता येत नाही. बायकोला काहीच नवल वाटलं नाही. केस कापल्यासारखंच मग, असं म्हणाली. तिचा रक्तगट जुळला. तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. सव्वीस वर्षं बेकरीत काढून तिच्या यकृतावर चरबीचा ठिपका नव्हता, याला काय म्हणायचं. पण नियम असा की दोघांनी वेगवेगळं, एकट्यानं हो म्हणायचं. ती खोलीत गेली आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आली. मी गेलो आणि म्हणालो, आधी ती बुडबुड्यांची तपासणी होऊ दे.

कारण एक तपासणी राहिली होती. हे सगळं खरंच फुफ्फुसातल्या वाटांमुळेच होतंय ना, हे पक्कं करायचं होतं. हातातल्या शिरेत बुडबुडे मिसळलेलं पाणी सोडतात. ते हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुफ्फुसात जातं. फुफ्फुसातल्या वाटा केसाहून बारीक असतील तर बुडबुडे तिथंच अडकतात आणि डावी बाजू काळीभोर राहते. ते डावीकडे आलेच, तर कितव्या ठोक्याला आले ते मोजायचं. तिसऱ्या ठोक्याच्या आत आले तर हृदयात भोक आहे, म्हणजे गोष्टच वेगळी. त्यानंतर आले तर फुफ्फुसातून फिरून आले. वाटा रुंद आहेत, आणि नवं यकृत त्यांना बारीक करेल. आलेच नाहीत तर दुखणं दुसरंच काहीतरी, आणि बायकोचं पोट कापून उपयोग नाही. म्हणजे मी जगायचं तर बुडबुडे यायला हवे होते, आणि उशिरा यायला हवे होते. आणि ते आले की तिला टेबलावर घेणार. तपासणीच्या आधीचे आठ दिवस मी कॉटवर पडून तिला ओट्याशी उभी असलेली पाहत होतो. चोपन्न वर्षांची बाई. आम्हाला मूल नाही. तिच्या पोटावर कसलीही खूण नाही. मी कशाची आशा करत होतो? हा प्रश्न मनात आला की मी कूस बदलायचो. न येवोत बुडबुडे, काळंच राहो सगळं, वर्ष-दीड वर्ष पडून काढू, पडायची सवय तर आहेच, असं वाटायचं. हा मोठा त्याग आहे असं क्षणभर वाटून बरंही वाटायचं. मग कळायचं की हा त्याग नाही, हीसुद्धा पडून राहायचीच एक तऱ्हा आहे. तिच्याकडून आयुष्यभर सगळं घेतलं, पण मागून कधी घेतलं नाही. ती आणून ठेवायची, मी कुरकुरत संपवायचो. तोंडानं 'दे' म्हणायची वेळ आली नव्हती. आता ती आली होती, आणि मी ते ओझं बुडबुड्यांवर टाकून मोकळा झालो होतो.

तपासणीची खोली अर्धवट अंधारी होती. मला डाव्या कुशीवर झोपवलं, म्हणून मी सुखात होतो. बायकोला बाहेर थांबायला सांगितलं, ती थांबली नाही, आणि डॉक्टरनं तो विषय काढला नाही. तंत्रज्ञ म्हणून एक जाडजूड, सर्दी झालेला माणूस होता. त्याच्याकडे एकमेकींना जोडलेल्या दोन सिरिंज होत्या. एकीत खारं पाणी आणि जराशी हवा. तो या सिरिंजमधून तिच्यात आणि तिच्यातून हिच्यात ते पाणी दाबत होता, भराभर, पाणी दुधासारखं होईपर्यंत. सोडा पाजताय का, मी विचारलं. तो शिंकला. मग डॉक्टरनं छातीवर ती थंड चकती दाबली आणि पडद्यावर माझं हृदय उघडलं.

मी तीस वर्षं ज्याचं चित्र काढलं ते कधी हललं नव्हतं. माझं हृदय गुलाबी होतं, चार खोल्यांचं, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं, दारं अर्धी उघडी, बाण कुठून कुठं जायचं ते सांगणारे. हे काळं होतं. काळ्या खोल्या, राखाडी भिंती, आणि मधल्या दारांच्या पातळ झडपा उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या, कुणीतरी दोन बोटांनी ये ये म्हणून बोलावत असावं तशा. कुणाला बोलावत होत्या, एकोणसाठ वर्षं, दिवसरात्र, मी झोपलेलो असताना, मी मालकांच्या विनोदाला हसत असताना? कुठंही बाण नव्हता. सगळ्यांना वाट माहीत होती. शेवटच्या बाकासाठी काहीही केलेलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्यासरशी पडद्यावर ठोके जरा जलद झाले, म्हणजे ते माझंच होतं. "सोडतोय," तंत्रज्ञ म्हणाला. दंडात एक गार रेघ वर चढली. आणि उजवी खोली भरली. पिठाचं पोतं फुटावं तशी, पांढऱ्या, घुसळणाऱ्या, चमकणाऱ्या धुरळ्यानं. डावी खोली काळीभोर. माझ्या पायांशी उभ्या असलेल्या बायकोनं मोजायला सुरुवात केली. बेकरीत ती पाव मोजायची तसं, ओठांतल्या ओठांत पण पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं. एक. मी त्या काळोखाकडे पाहत होतो. दोन. पांढरं सगळं झडपेतून फुफ्फुसाकडे निघालेलं, माझ्या साडेसातशे चौरस फुटांत. तीन.  काळोखच. नको, असं माझ्या आत कुणीतरी म्हणालं, आणि त्याच दमात दुसरं कुणीतरी ये म्हणालं, आणि त्यातला मी कोणता ते मला त्या क्षणी कळलं. चार. एक ठिपका आला. एकच, चुकून आल्यासारखा, काळ्या खोलीच्या मधोमध तरंगत. त्याच्या मागं दुसरा. मग झडप उघडली आणि ते आले, शेकड्यांनी, संध्याकाळी आपण पाहत नसताना आकाश भरतं तसे, माझ्या रुंद वाटांमधून शेजारी शेजारी, गप्पा मारत.

"पाच," बायको म्हणाली. एवढा आनंद मी तिच्या आवाजात फार वर्षांत ऐकला नव्हता. तिला कापायचं ठरत होतं, आणि ती बक्षीस लागल्यासारखी पाच म्हणाली.

घरी आलो तेव्हा लिफ्ट चालू होती. कुणीतरी 'दिसतंय' पुसून खाली 'चालू आहे' लिहिलं होतं आणि वरचं 'बंद आहे' तसंच ठेवलं होतं. मी कॉटवर पडलो. दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून ऊन कॉटच्या पायापर्यंत आलं होतं. बायको खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटाशी उभी राहिली, हाताची घडी घालून, मालक उभे राहायचे तितकीच लांब. "आता बुडबुडे झाले," ती म्हणाली. "बोला."  मी विचारलं, कुठं कापणार माहीत आहे का तुला. ती म्हणाली, तुम्ही चित्रकार, तुम्ही दाखवा. मी उशाचा रिपोर्ट पालथा केला, पेन्सिलीला टोक काढलं आणि तिचं पोट काढलं. मग बरगड्यांच्या खालून जाणारी ती रेघ. श्वास सोडून, पुढचा घ्यायच्या आधी, मधल्या थांब्यात काढली. अर्ध्या केसाच्या ब्रशनं पूर्वी काढायचो तशी. आयुष्यात इतकी बारीक रेघ काढली नव्हती. कागद उंच धरला.

"दिसत नाही," कपाटाशी उभी असलेली बायको म्हणाली.

"एवढीच आहे," मी म्हणालो. "तिथून दिसायची नाही."

ती आली. चष्मा नव्हता, म्हणून वाकली. तरी दिसेना, म्हणून कॉटच्या कडेला बसली. उजेड माझ्या बाजूला होता, म्हणून शेवटी माझ्या शेजारी आडवी झाली आणि कागद दोघांच्या मध्ये वर धरला. पुष्कळ वेळ पाहत राहिली. बरी आहे, म्हणाली. कागद खाली आला, माझ्या छातीवर पडला आणि तिथं वरखाली व्हायला लागला.

"घेतो," मी म्हणालो. आणि मग, नीट, तोंड उघडून: "दे."

"उशीर केलात," ती म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. थोड्या वेळानं तिचा श्वास लांबला. मी मान न हलवता ऐकत राहिलो. हवा आत जात होती, आत कुठंतरी केसाएवढ्या गल्ल्यांत तिची रक्ताशी गाठ पडत होती, आणि जे हवं ते देऊन-घेऊन ती सावकाश, समाधानानं परत येत होती. एका मिनिटाला चौदा वेळा. मी मोजलं. कुणी तिला सांगत नव्हतं. ऊन कॉटवर चढलं, तिच्या पावलांवर आलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"आता दिवसासुद्धा?" मी हळूच म्हणालो.

"गप्प पडा," ती म्हणाली, आणि मी पडलो.